जी-सिक्स-पीडीची कमतरता: ‘नॉर्मल’ अहवालावर विसंबण्याआधी या चुका टाळा

जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम तांबड्या पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. ते जन्मतः कमी असलेले लोक जगात सुमारे ४० कोटी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना एरवी कसलाही त्रास होत नाही.

सर्वांत महागात पडते ती तपासणीच्या वेळेची चूक. एखादे औषध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. त्याच धावपळीत रक्त तपासले जाते, अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात एन्झाइम सर्वांत कमी असलेल्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात आणि अस्थिमज्जेतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या पेशींत ते तुलनेने पुष्कळ असते. मोजले जाते ते त्यांच्यातलेच. रक्त चढवल्यावरही दात्याच्या पेशींमुळे असाच घोळ होतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा करावी आणि तोवर कमतरता आहे असेच धरून चालावे.

हा केवळ पुरुषांचा आजार, हा समजही असाच फसवा. संबंधित जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो वडिलांकडून मुलाकडे जात नाही, मुलीकडे मात्र जातोच. आणि अशा स्त्रीच्या रक्तात एन्झाइम पुरेसे असलेल्या आणि कमी असलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असल्याने केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणाऱ्या चाचणीत ती सुटू शकते. तिच्यासाठी प्रमाण मोजणारी चाचणीच मागावी.

प्रायमाक्वीन, डॅप्सोन, रासब्युरिकेज ही औषधे खरोखर धोक्याची आहेत. फावा बीन्स या शेंगाही वर्ज्य. परंतु लांबलचक याद्या वाचून धास्तावलेली माणसे तापात नेहमीच्या मात्रेतले पॅरासिटामॉलही नाकारतात आणि जंतुसंसर्गावरचे उपचार लांबवतात, हे मला अधिक काळजीचे वाटते, कारण पेशी फुटायला संसर्ग स्वतःच पुरेसा असतो.

बाळाचे कपडे नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांसोबत ठेवू नयेत. नवजात बाळाची कावीळ त्यामुळे मेंदूला इजा होण्याइतकी वाढू शकते. मधुमेह असल्यास आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी: पेशी लवकर फुटत असतील, तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते.