अमूर्त आणि आकृती एकाच कॅनव्हासवर: या चुका टाळा

अमूर्त रंगकाम आणि माणसाची आकृती एकाच चित्रात आणताना आधी आकृती छान रंगवून पूर्ण करायची आणि मग उरलेल्या जागेत ओघळ, फटकारे, शिंतोडे भरायचे. या शैलीतली बहुतेक चित्रं इथेच बिघडतात. समजा बसलेली बाई रंगवली, तर ती एका चित्रातली आणि मागचे रंग दुसऱ्याच चित्रातले वाटतात. दोन्ही गोष्टी पहिल्या थरापासून एकत्र वाढायला हव्यात. मागच्या निळ्यात भिजलेला ब्रश न धुता तसाच गालाच्या सावलीत टेकवा, त्वचेचा गेरू मागच्या मोकळ्या जागेत ओढा.

तरीही आकृती सुटी दिसत असेल तर रंगांना दोष देण्याआधी कडा तपासा. डोक्यापासून पायापर्यंत सगळी कड सारखीच धारदार असेल, तर मागे कितीही मुक्त फटकारे मारा, उपयोग होत नाही. खांद्याचा उजेड आणि मागचा उजेड सारख्याच टोनचे, म्हणजे सारख्याच उजळ-गडदपणाचे, करून पाहा. तिथली रेषा हरवते, तरी डोळा खांदा बरोबर जोडून घेतो. मग एखादीच कड, समजा जबड्याची, कडक ठेवा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की कुठली कड हरवायला हवी ते लगेच कळतं.

कच्चं रेखाटन झाकायला अमूर्ताचा आधार घेऊ नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अंगाची मोडतोड करतानाही वजन कुठल्या पायावर आहे हे ठाऊक असावं लागतं. विसाव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकनच्या चित्रांत चेहरा पुसलेला, पिळवटलेला असतो, तरी खुर्चीत बसलेल्या देहाचा भार जाणवतो.

काही जण चेहऱ्यावर पापण्यांपर्यंत तपशील भरतात आणि बाकी सगळं मोकळं सोडतात. नजर चेहऱ्यावरच अडकून राहते. थोडा तपशील हाताला किंवा कपड्याच्या एखाद्या घडीला द्या.

चित्र अडलं की वर थर चढवत जाण्याचा मोह होतो आणि ओल्या रंगांचा चिखल होतो. त्यापेक्षा पॅलेट नाईफने (रंग मिसळायच्या लवचीक सुरीने) खरवडून टाका. अमेरिकेत काम केलेल्या चित्रकार विलेम द कूनिंगने ‘वुमन, १’ हे चित्र १९५० ते १९५२ या काळात पुन्हा पुन्हा खरवडून नव्याने रंगवलं. खरवडल्यावर खाली उरलेला पुसट रंगही कामाचा असतो, त्यामुळे लगेच झाकू नका.

साहित्याचंही सांगतो. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नको, थर सुटतो. तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवा, नाहीतर पुढे तडे जातात. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून हरवलेल्या कडेचा टोन जुळला की नाही ते रंग वाळल्यावरच ठरवा.