ट्रकचं स्टेअरिंग थरथरतंय? शिसं मारायच्या आधी हे वाचा

टायरच्या कामात नवीन आलेल्या पोरांसाठी लिहितोय. चाक कसं खोलायचं, जॅक कुठं लावायचा, रेडियल आणि नायलॉन कसं ओळखायचं, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून आलेला असो की सरळ दुकानात हाताखाली लागलेला, बॅलन्सिंग मशीनपुढं दोघंही सारखेच कोरे असतात. हे मशीन चाक फिरवून त्याच्या वजनात कुठं किती फरक आहे ते दाखवतं; रिमच्या काठावर शिशाचे तुकडे ठोकून तो फरक शून्यावर आणायचा. एकाला स्टॅटिक-डायनॅमिकची व्याख्या पाठ असते, दुसऱ्याला "शून्य आला की उतरव" एवढंच सांगितलेलं असतं. ट्रक दोघांच्याही हातून परत येतो.

ड्रायव्हर येतो आणि एका दमात म्हणतो, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाक, व्हॉबल मारतीय." म्हणजे स्टेअरिंग थरथरतंय. ऐकून घ्या, पण लगेच पाना उचलू नका. आधी विचारा, कुठल्या स्पीडला चालू होतं? पंचावन्न-साठला चालू होऊन पुढं कमी होत असेल तर बॅलन्सिंगवर संशय घ्यायला जागा आहे. वीस-तीसलाच स्टेअरिंग डुलत असेल तर शिसं लावून काही होणार नाही. तिथं वाकडा रिम, आतून थर सुटलेला टायर नाहीतर नीट न बसलेली बीड (टायरचा रिमवर बसणारा काठ) शोधायची. फक्त ब्रेक मारल्यावर हलत असेल तर बहुतेक ड्रम ओव्हल. खड्ड्यातून गेल्यावर चालू होतं आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाही, असं म्हणाला की किंगपिन, टायरॉड एंड (स्टेअरिंगचे सांधे) आणि हब बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा. हातात काही जाणवत नाही, पण सीट थरथरते? मग मागची चाकं किंवा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा). गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो अलाइनमेंटचा किंवा हवेचा प्रश्न, बॅलन्सिंगचा नाही. नायलॉन टायरची गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर खालची बाजू चपटी बसते; निघाल्यावर थोडा वेळ थरथर होते आणि टायर गरम झाला की जाते. अशा गाडीचे पैसे घेऊ नका. तो ड्रायव्हर पुढच्या वेळी चार गाड्या घेऊन येईल.

एक हिशोब डोक्यात असू द्या. १०.०० आर २० चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वातीन मीटर जातो. ताशी ८० किलोमीटरला, म्हणजे स्पीड गव्हर्नरच्या मर्यादेला, तो सेकंदाला जवळजवळ सात वेळा फिरतो. रिमच्या काठावर २०० ग्रॅमचा फरक असेल तर त्या स्पीडला नऊ किलोच्या आसपास झटका, सेकंदाला सात वेळा. स्पीड निम्मा झाला की झटका निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून दुकानासमोर गाडी पुढं-मागं करून "झालं बघा" म्हणणाऱ्याचं मला हसू येतं. हायवेला काढा. तुमच्याकडं हेवी लायसन नसेल तर ड्रायव्हरलाच चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. आमच्याकडं सातारा-कराड पट्टा यासाठी बरा पडतो; घाटात चढाला लावून काहीच कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. हिनं मला सगळ्यात जास्त रडवलंय, म्हणून थोडी लांबण लावतो.

मशीनवर जो शून्य येतो तो मशीनच्या शाफ्टभोवतीचा शून्य असतो. ट्रकचं चाक शाफ्टभोवती फिरत नाही, हबभोवती फिरतं. मशीनवर चाक ज्या मध्यावर बसलं आणि ट्रकवर ज्या मध्यावर बसणार, ते दोन मध्य एक नसतील तर तुमचा शून्य खोटा. खोटा म्हणजे किती? टायर, ट्यूब, फ्लॅप, रिम मिळून पुढचं चाक साधारण १०० किलोचं धरा. ते मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर वीस इंची रिमच्या काठावर तो फरक जवळजवळ २०० ग्रॅमचा होतो. अर्धा मिलिमीटर! रंगाचे दोन थर आणि थोडा गंज, झाला अर्धा मिलिमीटर. म्हणजे तुम्ही काळजीपूर्वक दीडशे ग्रॅम शिसं ठोकून शून्य आणता, आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरत परत येते. मग तुम्ही मशीनला शिव्या देता, शेठ तुम्हाला देतो.

हे पकडायची युक्ती फुकट आहे. शून्य आला की चाक उतरवू नका. नट ढिला करा, शाफ्ट तसाच धरून चाक त्यावर अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि पुन्हा स्पिन करा. पन्नास-साठ ग्रॅमच्या आत आलं तर मी सोडून देतो. तीनशे-चारशे दाखवलं तर चाक मध्यावर बसलेलं नव्हतं. आणि हा आकडा दुप्पट झालेला असतो, कारण चाक फिरवल्यावर सरकलेला मध्य आणि तो झाकायला लावलेलं शिसं दोन्ही एकाच बाजूला येतात. चारशे दिसलं तर ट्रकवर त्रास देणारा फरक दोनशेचा. अशा वेळी शिसं वाढवायचं नाही. लावलेलं सगळं काढायचं, कोन (रिमच्या मधल्या भोकात घालून चाक शाफ्टच्या मध्यावर आणणारा शंकूसारखा तुकडा) आणि अडॅप्टर (चाक मशीनला पकडणारा जोड) पुसायचे, रिमच्या मधल्या भोकाचा काठ तारेच्या ब्रशनं घासायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

चाक चुकीचं बसतं कशानं? एक तर त्याच्या वजनानं. शंभर किलोचं चाक शाफ्टवर अडकवून सरळ नट आवळला तर ते खाली लोंबतं आणि तिथंच घट्ट होतं. लिफ्टनं चाक थोडं उचलून धरा, वजन शाफ्टवरून काढा, आणि हळूहळू फिरवत फिरवत आवळा. दुसरं कारण, झिजलेला कोन. तिसरं जास्त फसवं आहे आणि ते कुणी सांगत नाही. काही ट्रकची चाकं हबवर मधल्या भोकाने मध्यावर येतात. त्यांचे नट चपट्या वॉशरचे असतात. जुन्या ढंगाची चाकं स्टडवर, कोनवाल्या नटांनी मध्यावर येतात. या दुसऱ्या जातीत मधलं भोक अचूक असेलच असं नाही, कारण त्याचं ते कामच नाही. अशा चाकाला मशीनवर मधल्या भोकात कोन घालून बॅलन्स केलंत, तर ट्रकवर ते वेगळ्याच मध्यावर बसणार. त्याला स्टडच्या भोकांतून पकडणारा अडॅप्टर लागतो. दुकानात नसेल तर शेठला सांगा. तो नाही म्हणेल. तरी सांगा.

अर्धा फेरा फिरवायला पाच मिनिटं जातात. गर्दीत वस्ताद ओरडेल, "खेळत बसलाय का?" ओरडू द्या. वस्तादांबद्दल माझं स्पष्ट मत आहे: भराभर हात चालवणाऱ्याच्या मागं फिरू नका. उतरवलेल्या चाकाची आतली बाजू बघितल्याशिवाय जो पुढं जात नाही, टायरवरून तळवा फिरवून खड्डे-खड्डे झिजलाय का ते बघतो, त्याच्याजवळ उभे राहा. तो फारसा बोलणार नाही. काय बघतोय ते बघा.

मशीनच्याही आधी एक तपासणी आहे. पुढचा ॲक्सल उचला, खाली स्टँड द्या आणि चाक हातानं फिरवा. रिमच्या काठाजवळ खडू किंवा तार स्थिर धरा, मग टायरच्या नक्षीजवळ. रिम सरळ फिरतोय आणि टायर वरखाली होतोय तर बीड बघा. रिमच्या काठाला लागून टायरवर एक बारीक गोल रेघ असते, ती सगळीकडं रिमपासून सारख्या अंतरावर हवी. नसेल तर हवा काढा, बीडला साबणाचं पाणी लावा, परत बसवा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी जागा. वाल्व त्याच ठिपक्याच्या रेषेत आणा. एवढं करूनही टायरचा वरखाली दोन-अडीच मिलिमीटरच्या वर राहिला तर मी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघतो. गोल नसलेल्या चाकावर तुम्ही किलोभर शिसं लावा, मशीन शून्य दाखवेल आणि चाक उड्या मारतच राहील. शिसं वजन जुळवतं, आकार नाही.

रिमच डुलत असेल तर चाक काढून दोन स्टड पुढं सरकवून बसवा. डुलणारी जागा चाकाबरोबर सरकली तर रिम वाकडा. हबबरोबर राहिली तर हबच्या तोंडावर गंज, माती नाहीतर हबचाच दोष.

आता कडक बोलतो. ट्यूबच्या चाकाची लॉक रिंग (टायरला रिमवर अडवून धरणारी लोखंडी कडी) नीट बसली नसताना हवा भरली तर रिंग गोळीसारखी सुटते आणि माणूस मरतो. शंभर पीएसआयच्या वर हवा असते, तिथं गंमत नाही. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरा. पिंजरा नसेल तर ते काम करू नका, नोकरी गेली तरी चालेल. रिंगच्या समोर उभं राहायचं नाही, हवा भरत असताना रिंगवर हातोडा मारायचा नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालणारा कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून काही शिकू नका.

बाकी घाबरू नका. सुरुवातीला स्टॅटिक कुठलं, डायनॅमिक कुठलं यात सगळेच गोंधळतात. एकाच बाजूला वजन जास्त असलं की चाक वरखाली उडतं, आतल्या-बाहेरच्या बाजूत तिरकस फरक असला की डावं-उजवं डुलतं आणि ते स्टेअरिंगला जास्त कळतं. म्हणून सगळं शिसं बाहेरच्या काठाला मारायची सवय लावू नका. चाकं बदलत गेली की हे आपोआप हातात बसतं.

परत चढवताना हबचं आणि रिमचं तोंड घासा. मधल्या भोकानं बसणारं चाक असेल तर हबवरचा एक आधार (ज्यावर मधलं भोक टेकतं तो) बरोबर वर आणा, वरचा नट आधी ओढा, मग समोरासमोरचे. एअर गननं एक नट पूर्ण आवळून दुसऱ्याकडं जाणं ही सगळ्यात वाईट घाई. मशीनवरची सगळी मेहनत त्यात जाते. सगळे नट आधी हलके, मग टॉर्क पान्यानं, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. एवढं करूनही थरथर राहिली तर गाडीवरच चाक फिरवून बॅलन्स करणारं मशीन कुणाकडं आहे ते बघा, त्यात ड्रम आणि हबचाही फरक धरला जातो. तसं केलंत तर चाक आणि स्टडवर खडूनं नाही, पेंटनं खूण करा. चाक पुढं कधी काढलं तर त्याच स्टडवर बसलं पाहिजे.

आणि ड्रायव्हरदादांना सांगून ठेवा, ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट परत बघायचे. ते दुकानात परत येत नाहीत, कुठल्यातरी ढाब्यावर स्वतःच आवळतात. आवळू दे, फक्त पान्याला पाइप घालून त्यावर उभं राहू नका म्हणावं, स्टड ताणला जातो.