खिशातला चाकू: आधी ब्रँड ठरवा, मग नग पारखा

'कोणत्या कंपनीचा चाकू घेऊ?' असे विचारले की बहुतेक जण एखादे मोठे नाव सांगतात आणि सोबत पोलादाचा एखादा भारदस्त क्रमांक ऐकवतात. या उत्तराने दोन्हीकडचे लोक फसतात. ज्याला रोज आंबा आणि पार्सल कापायचे आहे तो कपाटात ठेवण्याजोगी वस्तू घेऊन बसतो. ज्याला संग्रह करायचा आहे तो कोणत्याही दुकानात आजही मिळणारा माल जमवत राहतो. ब्रँड तुम्हाला एवढेच सांगतो की चाकू बहुधा कसा असेल. हातातला नग प्रत्यक्षात कसा आहे हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते.

१. खिशासाठी की कपाटासाठी?

एकच नग दोन्हीसाठी घेऊ नका. पात्याला एकदा दगड लागला की संग्राहकाच्या लेखी तो 'न वापरलेला' राहत नाही, मग तुम्ही कितीही सुबक धार लावलेली असो. मॉडेल फारच आवडले तर दोन घ्या.

२. कायदा

भारतात शस्त्र नियमांचा प्रश्न ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यापासून सुरू होतो. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या आसपासही जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूही येतो. अशा दिवसांत तो घरी ठेवा. बटण दाबताच उघडणारा चाकू घेऊच नका. विमानात कोणताही चाकू हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना सबळ कारणाशिवाय फक्त बिनलॉकचा (उघडल्यावर पाते अडकवून न ठेवणारा) आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू जवळ बाळगता येतो, त्यामुळे खाली सांगितलेला ओपिनेल ८ तिथे खिशात चालत नाही.

३. रोजच्या वापराचा ब्रँड

पहिलाच चाकू असेल तर व्हिक्टोरिनॉक्स घ्या. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात सुरू केलेल्या या कंपनीचा खरा गुण म्हणजे सातत्य: दहा नग उघडून पाहिले तरी दहाही जवळपास सारखे निघतात. पोलाद साधारण ५६ रॉकवेलचे (हे पोलादाच्या कडकपणाचे माप), म्हणजे मऊच. यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. मऊ पोलादाची धार लवकर वाकते हे खरे, पण ती दहा मिनिटांत घरच्या दगडावर परतही येते. ६० च्या आसपासचे कडक पोलाद धार जास्त टिकवते, मात्र ती गेल्यावर नवशिक्याच्या हाताने परत येत नाही आणि वाकडा जोर पडला तर धारेचे कण उडतात. ज्याला धार लावता येत नाही त्याने महागडे पोलाद घेणे म्हणजे बोथट चाकूसाठी जास्त पैसे मोजणे.

माप नीट निवडा. ५८ मि.मी.चा क्लासिक जेमतेम २१-२२ ग्रॅमचा, किल्ल्यांच्या जुडग्यात बसतो. ९१ मि.मी.चा स्पार्टन सुमारे ६० ग्रॅमचा, बहुतेकांना एवढा पुरतो. १८५ ग्रॅमचा स्विसचॅम्प दुकानात मोहात पाडतो आणि आठवड्याभरात ड्रॉवरमध्ये जातो. लाल प्लास्टिकपेक्षा खरखरीत ॲल्युमिनियमची मूठ असलेला ९३ मि.मी.चा पायोनियर रोजच्या धसमुसळेपणाला जास्त पुरतो.

फळे आणि भाकरी-चटणीच्या डब्यापुरता चाकू हवा असेल तर फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल. ८ क्रमांकाचे पाते ८.५ सें.मी.चे, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास आणि पाते इतके पातळ की हापूसची फोड चिरडत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर 'इनॉक्स', म्हणजे न गंजणारे पाते घ्या. कार्बन पोलाद कैरी-लिंबाने काळे पडते. तो काळेपणा निरुपद्रवी असतो, पण दमट हवेत त्यावर तांबडा गंज चढायला एक रात्र पुरते. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची असते. पावसाळ्यात ती फुगते आणि पाते आत अडकून बसते. पक्कड लावू नका. पाते अडवणारी मुठीवरची कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोका, पाते थोडे बाहेर येते. मग चाकू पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या आणि सांध्यात मेण किंवा लिक्विड पॅराफिन मुरवा. उन्हात वाळवलात तर लाकडाला तडा जातो.

एका हाताने उघडणारा, क्लिपने खिशाला अडकणारा चाकू हवा असेल तर अमेरिकेची स्पायडर्को. पात्यातले गोल भोक आणि खिशाची क्लिप १९८१ च्या त्यांच्या पहिल्या घडीच्या चाकूपासूनची. डेलिका मॉडेल जपानच्या सेकी शहरात बनते, वजन ७० ग्रॅमच्या आसपास. बजेट कमी असेल तर चीनच्या सिव्हिव्हीला कमी लेखू नका, त्या किमतीत इतके स्वच्छ काम दुसरीकडे सहसा दिसत नाही. अमेरिकेच्या बक कंपनीचा ११० हा १९६४ पासूनचा दर्जेदार चाकू आहे, पण २०० ग्रॅमचे ओझे पँटच्या खिशात कोणी फार दिवस बाळगत नाही. तो पट्ट्यावरच्या म्यानात घालायचा चाकू आहे.

४. संग्रहाचा ब्रँड

संग्रहासाठी असा ब्रँड निवडा ज्याच्या नगावरून साल आणि कारखाना ओळखता येतो. बाकी सगळे दुय्यम.

या बाबतीत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातली केस कंपनी नवशिक्याला सोपी. १९७० मध्ये पात्याच्या बुडाशी असलेल्या शिक्क्याखाली १० ठिपके होते आणि पुढे दरवर्षी एक कमी होत गेला. म्हणजे ३ ठिपके दिसले तर १९७७. १९८० मध्ये शिक्क्यातले S हे अक्षर विजेसारखे नागमोडी केले आणि ठिपके पुन्हा १० पासून सुरू झाले. मॉडेलचा क्रमांकही वाचता येतो: ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर हा आकार. ३२५४ असेल तर तोच चाकू पिवळ्या कृत्रिम मुठीचा.

कमी पैशात सुरुवात करायची तर स्विस सैनिकांचा १९६१ चा नमुना घ्या. करड्या ॲल्युमिनियमच्या मुठीचा हा चाकू २००८ पर्यंत सैन्यात होता आणि पात्याच्या बुडाशी सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. तो व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर या दोन्ही स्विस कंपन्यांनी बनवला. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि पुढच्या दशकात वेंगर नावाचे चाकू बंद झाले, त्यामुळे एकाच सालाची जोडी जमवण्यात मजा आहे. 'मर्यादित आवृत्ती' छापलेल्या नव्या मालाच्या मागे मात्र लागू नका. जो माल सगळ्यांनीच डब्यासकट जपून ठेवलेला असतो तो पुढे दुर्मिळ होण्याची शक्यता कमी.

इथे नावांचा घोळ पक्का समजून घ्या. श्रेड या चाकूच्या ब्रँडचे नाव जुने, पण अमेरिकेतला कारखाना २००४ मध्ये बंद पडला. नाव दुसऱ्यांनी घेतले आणि पुढचा माल चीनमधून येऊ लागला. कॅमिलस या दुसऱ्या अमेरिकी ब्रँडचे २००७ मध्ये तेच झाले. जर्मनीची बोकर एकाच नावाखाली वेगवेगळे दर्जे विकते: तिथल्या झोलिंगेन शहरात बनलेले, 'प्लस' आणि 'मॅग्नम'. संग्रहासाठी पहिलाच. लागिओल हा तर ब्रँडच नाही. ते फ्रान्समधल्या एका गावाचे आणि चाकूच्या घडणीचे नाव आहे, त्यामुळे मुठीवरची माशी पाहून पैसे देऊ नका. पात्यावर कारखान्याचे नाव शोधा.

५. नग पारखणे

सगळी गडबड इथे होते. चाकू घेणारा धार पाहतो, हातावरचे केस उडवून पाहतो आणि खूश होतो. धार हा चाकूचा सगळ्यात स्वस्त भाग आहे, ती केव्हाही लावता येते. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या याच क्रमाने पाहा.

पाते पूर्ण उघडा, चपट्या बाजूंनी चिमटीत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. हालचाल जाणवली तर सांध्याचा खिळा पाहा. स्क्रू असेल तर किंचित पिळून ती जाते. ठोकलेला रिव्हेट असेल, जसा केस किंवा व्हिक्टोरिनॉक्समध्ये असतो, तर तो नग ठेवून दुसरा मागा. 'हातोडीने हलकेच ठोका' हा सल्ला सर्रास दिला जातो, त्याने पाते जाम होते किंवा हाडाच्या मुठीला खिळ्याभोवती तडा जातो. लॉकच्या चाकूत वर-खाली हालचाल असेल तर विचार न करता परत करा.

लॉक तपासताना पात्याची पाठ टेबलावर आपटू नका. त्या आपटण्याने चांगले लॉकही झिजते आणि सिद्ध काहीच होत नाही. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा, पाठीवर तळहाताने हळूहळू वाढता दाब द्या आणि लॉकची पट्टी सरकते का ते पाहा. पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम काठावर टेकत असेल तर नको, आणि पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडत असेल तर तीही झिजलेली.

आता चाकू मिटवा, आणि इथेच बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा दोष सापडतो. बिनलॉकच्या चाकूत पाते मिटताना त्याचा बुडाकडचा बिनधारेचा भाग मुठीच्या आतल्या स्प्रिंगवर टेकायला हवा आणि धार अधांतरी राहायला हवी. काही नगांत धारच स्प्रिंगला लागते. मग दर मिटवण्याला तीच जागा बोथट होते, माणूस पुन्हा पुन्हा धार लावतो आणि पोलाद वाईट म्हणून ब्रँडला शिव्या घालतो. तपासायचे असे: टिश्यू पेपरची अरुंद पट्टी खाचेत स्प्रिंगवर लांबलचक पसरा, पाते सावकाश मिटवा, उघडा. पट्टीवर काप उमटला तर धार लागते आहे. चांगला नगही पाते सोडून देऊन 'खट्ट' आवाज काढत मिटवला तर स्प्रिंग दबून धार आपटू शकते, म्हणून शेवटपर्यंत बोटांनी धरूनच मिटवा. ओपिनेलमध्ये स्प्रिंग नाही, आत लाकूडच आहे, त्याला ही चाचणी लागू नाही.

पुढे चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामधून उजेड दिसला तर जुळणी सैल. मिटलेल्या पात्याचे टोक बाहेर डोकावत असेल तर खिसाही फाटेल आणि बोटही. दोन-तीन पात्यांच्या चाकूत पाती एकमेकांना घासून ओरखडे पडतात, हलका ओरखडा चालतो, खाच नाही.

जुन्या नगाला आणखी चार गोष्टी लागतात. पात्याची बाह्यरेषा त्याच मॉडेलच्या जुन्या जाहिरातीतल्या चित्राशी ताडून पाहा. वर्षानुवर्षे धार लावून पाते अरुंद झालेले असते आणि विकणारा 'भरपूर आयुष्य बाकी आहे' म्हणत असतो. शिक्क्याची अक्षरे बोटाला टोचायला हवीत. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर चाकू पॉलिशच्या चाकावर चढवलेला आहे आणि आरशासारखी चकाकी ही किंमत घटल्याची खूण आहे. सगळ्या पात्यांचे पोलाद आणि झीज जुळते का पाहा, एकच पाते नवे दिसले तर ते बदललेले. हाडाच्या मुठीत प्रत्येक खिळ्याभोवती केसाएवढी चीर भिंगातून शोधा. एकसारखी करडी झाक हरकत नाही, पण गंजाचे खड्डे कधीच जात नाहीत.

लाल मुठीचे नकली स्विस चाकू फुटपाथपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे आहेत. फक्त मुठीवरचा क्रॉस पाहू नका, स्वस्त अस्सल मॉडेलवरही तो नुसता छापलेला असतो. मोठ्या पात्याच्या बुडाशी व्हिक्टोरिनॉक्स आणि स्विस मेड ही अक्षरे स्वच्छ, सरळ आहेत का ते पाहा आणि कात्री चालवून बघा. नकली कात्री टिश्यू पेपर कापत नाही, दुमडते.

६. धार आणि तेल

१००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचे माप) दगड, दर बाजूला १५ ते २० अंश. पाते दगडावर उभे धरा, निम्मे कलवा, पुन्हा निम्मे, आणि त्याहून किंचित खाली. सांध्यात तेलाचा एक थेंब. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे नको, ते काही आठवड्यांत चिकट होते. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन फळ कापायच्या चाकूलाही चालते.

७. संग्रह ठेवणे

चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, कातडे कमावण्याच्या रसायनांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो. सुती कापडात गुंडाळा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. सेल्युलॉइडच्या मुठीचे जुने चाकू मात्र याच डब्यात कधीही ठेवू नका. ते रंगीबेरंगी, शंखासारखे चमकणारे असतात आणि जुने झाले की आम्लाची वाफ सोडतात. त्या वाफेने शेजारचे चांगले नगही गंजतात. त्यांना स्वतंत्र, हवा खेळणारी जागा द्या. मुठीजवळच्या पोलादावर गंज चढू लागला किंवा मुठीला बारीक भेगा दिसल्या, तर तो नग त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर करा.