टॅटिंगच्या सरळ लेसला कोपरा कसा द्यावा

टॅटिंग म्हणजे शटल नावाच्या छोट्या धोट्यावरच्या दोऱ्याने गाठी मारत केलेली लेस. रुमालाच्या कडेला लावायच्या टॅटिंगच्या नक्षीत सरळ पट्टी कशी करायची ते गाठ न् गाठ मोजून दिलेलं असतं. कोपरा आला की मात्र एवढंच: 'कोपऱ्यावर चेन लांब करा.' रिंग म्हणजे गाठींची आवळून बंद केलेली कडी, आणि चेन म्हणजे दोन रिंगांमधली गाठींची कमान. ती किती लांब, किती वेळा, आणि चेन लांब केल्यावर आतल्या बाजूला रिंगा एकमेकींवर चढतात त्याचं काय, याबद्दल चकार शब्द नाही. टॅटिंगमध्ये 'करून बघू, नाही जमलं तर उसवू' असं चालत नाही. क्रोशाचा दोरा ओढला की सरसर सुटतो. इथे प्रत्येक गाठ ही खरीच गाठ असते, आणि एकदा आवळून बंद केलेली रिंग उघडायला सुई, चांगला उजेड आणि भरपूर धीर लागतो. म्हणून कोपऱ्याचा हिशेब आधी, शटल नंतर.

शटल भरणं, दोन अर्ध्या गाठींची जोडगाठ, रिंग, चेन, पिको (दोन गाठींमध्ये सोडलेला दोऱ्याचा छोटा फास) आणि पिकोतून जोड, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. उदाहरणासाठी सगळ्यांत साधी पट्टी घेऊ: रिंग ५-५-५-५, चेन ५-५. आकडा म्हणजे जोडगाठी, हायफन म्हणजे पिको. दुसऱ्या रिंगपासून पहिल्या पिकोच्या जागी मागच्या रिंगच्या शेवटच्या पिकोला जोड द्यायचा. तो अधिकच्या चिन्हाने लिहितात, म्हणजे ५+५-५-५. रिंगांची टोकं कापडाकडे, चेनच्या कमानी बाहेर.

नक्षी निवडणं

नकाशासारखी आकृती असलेली नक्षी निवडा, मग ती कुठल्याही भाषेतली असली तरी वाचता येते. शोधताना फ्रेंचमध्ये फ्रिव्होलिते, जर्मनमध्ये ओकी आणि इटालियनमध्ये कियाक्किएरीनो हे शब्द कामाला येतात. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नक्षी घेतल्या तर त्यांत पुष्कळदा चेन नसतेच, दोन रिंगांमध्ये नुसता मोकळा दोरा सोडलेला असतो. त्या मोकळ्या दोऱ्याच्या जागी चेन घातली की लेस धुण्याला टिकते. मी तरी दरवेळी घालते.

दोरा बदलताना

दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक: १० जाड, ८० अगदी बारीक. कोपरा शिकायला २० नंबर घ्या, गाठी डोळ्यांना दिसतात. दोरा बदलला म्हणून गाठींची संख्या बदलायची गरज नाही, सगळं त्याच प्रमाणात लहान-मोठं होतं. अपवाद फक्त पिकोचा, कारण तो आपण डोळ्यांच्या अंदाजाने सोडतो. २० नंबरचा सवयीचा पिको ८० नंबरच्या लेसमध्ये तसाच राहिला तर रिंगा एकमेकींपासून लांब जातात आणि खालचा सगळा हिशेब कोलमडतो. दोन गाठींमध्ये ६ मिमी दोरा सोडला की पिको साधारण ३ मिमी उंच होतो. जोडाचे पिको त्याहून बरेच लहान हवेत, जेमतेम क्रोशाची सुई शिरेल एवढेच.

कोपरा

माझा पहिला कोपरा मी ऐकीव सल्ल्यावर केला. 'चेन दुप्पट करा,' असं सांगितलं गेलं होतं. १० च्या जागी २० गाठींची चेन घातली, ती चारही कोपऱ्यांवर कुत्र्याच्या कानासारखी उभी राहिली. मग स्टार्च लावून, दाबून इस्त्री केली. लेस सपाट दिसली आणि मला वाटलं, जमलं. पहिल्या धुण्यात चारही कान परत उभे. स्टार्च आणि इस्त्रीने चुकलेलं माप बरोबर होत नाही, फक्त लपतं. लेस पाण्यातून काढून, हाताने सारखी करून, नुसती वाळवल्यावर सपाट पडली तरच कोपरा बरोबर समजा.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला म्हणून कोपऱ्याचा नमुना आधी करून पाहिला: तीन रिंगा, कोपरा, पुन्हा तीन रिंगा. नमुना टेबलावर छान सपाट पडला, आणि पूर्ण लेस तरीही फुगली. याचं कारण कळायला मला बरेच दिवस लागले. नमुन्याची दोन्ही टोकं मोकळी असतात. चेन दोन-तीन गाठींनी चुकली असेल तर टोकं जराशी इकडेतिकडे सरकतात आणि चूक पोटात घालतात. रुमालाच्या कडेला टोकं नसतात, तिथे चुकीला जायला जागा नाही, म्हणून ती वर उठते.

म्हणून मोकळ्या टोकांचा नमुना करूच नका. गोल करा.

कोपरा म्हणजे गोल नक्षीचा पाव हिस्सा. आठ रिंगांचं वर्तुळ घेतलं तर शेजारच्या दोन रिंगांमध्ये ४५ अंशांचं वळण असतं. काटकोनाला ९० अंश हवेत, म्हणजे अशी दोन वळणं. त्यामुळे एका कोपऱ्यावर लांब चेन दोनच लागतात आणि त्यांच्या मध्ये एकच रिंग, कोपऱ्याची. एकाच चेनमध्ये सगळं वळण कोंबायचा सल्ला मिळाला तर तो सरळ सोडून द्या. माझे कान तिथूनच उभे राहिले होते.

आता लांब चेन किती गाठींची, हे त्या वर्तुळालाच विचारायचं. पट्टीतली रिंग आहे तशीच ठेवून आठ रिंगांचं वर्तुळ करा, टोकं मध्याकडे, चेन बाहेर. चेन सुरुवातीला दीडपट धरा: १० ची १५. पूर्ण झालं की ओलं करून वाळवा आणि सपाट टेबलावर ठेवून कडेला डोळा लावून बघा. वाटीसारखं खोल झालं असेल तर चेन तोकडी आहे. कडेला झालर आली असेल तर जास्त झाली आहे. एक-दोन गाठींनी कमी-जास्त करून दुसरं वर्तुळ करा. या पट्टीला माझ्या हाताने १५ च लागतात, पण घट्ट गाठी मारणाऱ्याला १६ लागू शकतात आणि सैल हाताला १४ पुरतात. रिंग लांबट असेल तर दीडपटीपेक्षा जास्त लागतात, कारण टोकांपाशी तेवढंच वळण घेताना रिंगांची चेनकडची बुडं जास्त फाकतात. दुसऱ्याच्या हाताचा आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. दोन वर्तुळं म्हणजे एका संध्याकाळचं काम. चार कोपऱ्यांची लेस वाया जाण्यापुढे ते काहीच नाही.

चेनमधल्या गाठी पिकोंमध्ये कशा वाटायच्या? ५-५ चं ७-८ करू नका, पिको एकीकडे झुकतो. १५ ला ५-५-५ असे दोन पिको ठेवा, १४ ला ५-४-५, १६ ला ५-६-५. बाजूला एक पिको आणि कोपऱ्यावर दोन, हे मुद्दाम ठरवून केलेलं दिसतं.

राहिला आतल्या गर्दीचा प्रश्न. वर्तुळात रिंगांची टोकं एका गोल भोकाभोवती बसतात, पण कापडाला गोल कोपरा नसतो, टोकदार असतो. त्यामुळे कोपऱ्याच्या रिंगचं टोक कापडावर एखाद-दीड गाठीएवढं चढतं. २० नंबरच्या दोऱ्यात हे जेमतेम दीड मिलिमीटर होतं, पण शिवताना तिथेच चुणी पडते आणि नजर नेमकी तिथेच जाते. उपाय सोपा आहे: कोपऱ्याच्या रिंगचं डोकं थोडं बुटकं करा, ५+४-४-५. बाजूच्या ५-५ ला हात लावू नका, कारण शेजारच्या रिंगांशी जोड त्यांच्यावर आहेत आणि आपलं वळण त्या जोडांवर मोजलेलं आहे. टोकाचा पिकोही अगदी बारीक ठेवा.

रिंगा बाहेर आणि चेन कापडाकडे अशी नक्षी असेल तर सगळं उलट होतं. कोपऱ्यावर चेन तोकडी करावी लागते आणि रिंगा फाकून त्यांचे जोड पोचत नाहीत. तिथे मी चेनच्या भानगडीत पडतच नाही. कोपऱ्याच्या एका रिंगच्या जागी लागून तीन रिंगा करते, मध्ये चेन न घालता, तिपानी बेलाच्या पानासारख्या. ती पानं वळण आपोआप भरून काढतात. वर्तुळाची परीक्षा तिथेही द्यावी लागते, चार तिपानी रिंगांच्या छोट्या चौकोनाने.

बाजूला किती रिंगा

कापड अजून कापलं नसेल तर मोजूच नका. प्रत्येक बाजूला सारख्या रिंगा करून लेस पूर्ण करा, धुवा, वाळवा आणि मग तिच्या आतल्या मापाचं कापड कापून दुमडा. कापडही आधी धुतलेलं हवं, नाहीतर ते नंतर आटतं. बहुतेक ठिकाणी याच्या उलट सांगतात. कापड दोन मिलिमीटरने लहान करणं सोपं आहे, लेस लहान करणं अशक्य.

रुमाल तयारच असेल तर अकरा रिंगांची पट्टी करून, धुऊन, न ताणता मोजा: पहिल्या रिंगच्या टोकापासून शेवटच्या रिंगच्या टोकापर्यंतच्या दहा फटी किती भरतात ते. समजा ६५ मिमी भरल्या, म्हणजे एक फट ६.५ मिमी. रुमालाची बाजू २५० मिमी. कोपऱ्याआधीच्या रिंगचं टोक कापडाच्या कोपऱ्यापासून किती आत येतं ते वर्तुळाचा पाव हिस्सा कापडावर ठेवून बघा, ३.५ मिमी धरू. दोन्हीकडचे मिळून ७ वजा केले की २४३ उरतात. २४३ भागिले ६.५ म्हणजे ३७ फटी आणि वर २.५ मिमी. ३७ फटींना ३८ रिंगा. उरलेले अडीच मिलिमीटर शिवताना सगळ्या बाजूभर वाटले जातात, शोधूनही सापडत नाहीत. ते कोपऱ्यात घालवायला मात्र जाऊ नका. चार बाजू आणि चार कोपरे मिळून रिंगा १५६, त्यातल्या चार बुटक्या. चेनही १५६, त्यातल्या आठ लांब.

लेस करणं

शटल भरल्यावर दोरा गोळ्यापासून तोडू नका, दोन टोकं लपवायची वाचतात. सुरुवात कोपऱ्यावर नको, बाजूच्या मध्यावर करा. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या रिंगला रंगीत दोऱ्याची खूण बांधा, आणि कोपऱ्याची रिंग आवळण्याआधी मागच्या खुणा मोजून घ्या. आवळल्यावर मोजून काही उपयोग नसतो. शटल रिकामं झालं तर नवा दोरा रिंग आणि चेनच्या सांध्यात धरा, कोपऱ्यावर कधीच नाही.

शेवटची रिंग पहिल्या रिंगला जोडताना बहुतेकांचा पिको पिळला जातो आणि तिथे लेस उलटते. पट्टी कुठे पिळली नाही ना ते आधी बघा. मग पहिली रिंग चालू रिंगवर पुस्तकाचं पान मिटावं तशी घडी करा, म्हणजे तिची उलटी बाजू तुमच्याकडे येईल. पिकोला अर्धा पीळ देऊन सुई घाला, दोरा ओढून शटल त्यातून काढा, उरलेल्या गाठी पूर्ण करा आणि घडी उघडा. आठ रिंगांच्या वर्तुळात हा जोड तुम्ही आधीच दोनदा केलेला असेल, तेव्हा इथे अडणार नाही.

शिवणं

आधी चारही कोपऱ्यांच्या रिंगांचे पिको कापडाच्या टोकांना टाचणीने पक्के करा, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग मधले मध्य. लेसच्याच रंगाचा शिवणाचा बारीक दोरा घ्या. पिकोतून एक टाका, मग पुढच्या पिकोपर्यंत सुई कापडाच्या दुमडीच्या आतून सरकवा, वरून फटीत टाके दिसू देऊ नका. कोपऱ्याच्या पिकोत मात्र एकाला तीन टाके घाला. धुताना रुमाल पिळला जातो तेव्हा पहिला ताण त्याच चार पिकोंवर येतो.