चिनी बोलता येते, करार वाचता येत नाही: पुढचा अभ्यास घरच्या घरी कसा करायचा

हा लेख नवशिक्यांसाठी नाही. सूर, पिनयिन (चिनीचं रोमन लिप्यंतर), मोबाइलवर प्लेको हा शब्दकोश, अंकी या उजळणीच्या अॅपमध्ये साठलेली हजारो कार्डं हे सगळं तुमचं झालंय असं धरून चालते. सहा पातळ्यांच्या जुन्या एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेत सहाव्या पातळीच्या यादीत ५,००० शब्द होते. तेवढे तुम्हाला कमीजास्त येतात, चिनी माणसाशी फोनवर तासभर बोलता येतं. तरीही कराराचं किंवा सरकारी सूचनेचं पहिलंच वाक्य अंगावर येतं. अक्षर अन् अक्षर ओळखीचं, पण अर्थ काही लागत नाही.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, आणखी शब्द पाठ करा. २०२१ च्या नव्या प्रमाणकात नऊ पातळ्या आणि ११,०९२ शब्द आहेत, तेव्हा पाठांतराला तोटा नाही. पण त्याने हे दुखणं जात नाही. दुसरा, चीनला जाऊन राहा. मला चिनी येते म्हटलं की कुणीतरी डॉ. कोटणिसांचं नाव काढतंच. अहो, सोलापूरचे कोटणीस १९३८ साली गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. मधली वर्षं ते रुग्णांच्या गराड्यात होते. तुम्हाला ऑफिसातून आल्यावर दीड तास मिळतो. शिवाय भाजीवाल्याशी घासाघीस करून जी येते ती बोली, आणि तुमचं बोलीत काहीच अडलेलं नाही.

अडलंय ते षू-म्येन-यूपाशी, म्हणजे लिखित भाषेपाशी. मालिका बघून मराठी शिकलेल्या माणसापुढे शासन निर्णय ठेवा: 'उपरोक्त संदर्भान्वये', 'सबब', 'यास्तव'. त्याची जी गत होईल तीच आपली. फरक इतकाच की हे शब्द त्याला निदान अनोळखी दिसतात. चिनीत ते ओळखीचा चेहरा लावून येतात.

(उच्चार देवनागरीत अंदाजाने दिलेत, सूर सोडून दिलेत.)

पहिली पायरी. रोजचे नवे शब्द दहावर आणा. कार्डावर सुटा शब्द नको, अख्खं वाक्य घाला. झालं.

दुसरी पायरी, ऐकणं. चीनच्या सरकारी वाहिनीवरच्या संध्याकाळी सातच्या बातम्या, सिन-वन ल्येन-पो, आपल्याकडे दुपारी साडेचारला लागतात. अर्ध्या तासाच्या सगळ्या बातम्या ऐकू नका. तीन मिनिटांचा तुकडा घ्या, मजकूर समोर ठेवा आणि निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ती लिखित भाषाच आहे, फक्त वाचून दाखवलेली, म्हणून मालिकांपेक्षा दसपट कामाची.

तिसरी पायरी. इथे मी दोन वर्षं अडकले होते, म्हणून इथे थांबते.

कुठल्याही कराराच्या शेवटी सापडणारं वाक्य घ्या: 'पन ह-थोंग त्स ष्वांग-फांग छ्येन-त्स ज्र र छी षंग-श्याव.' 'पन' तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकलात, पुस्तकं मोजायचा शब्द. इथे त्याचा अर्थ 'प्रस्तुत'. पहिला 'त्स' तुम्हाला 'त्स-ची' (स्वतः) मधून माहीत असतो; इथे तो 'पासून' आहे. 'छ्येन-त्स' (सही) मधल्या 'त्स'चा उच्चार तोच, सूरही तोच, चिन्ह मात्र निराळं. 'ज्र' हा बोलीतल्या 'त'चा, म्हणजे आपल्या चा-ची-चेचा, जुना भाऊ. 'र' म्हणजे दिवस, ज्याला बोलताना आपण 'थ्येन' म्हणतो. आणि लांब बसलेला 'छी' हा त्या पहिल्या 'त्स'चा जोडीदार: त्स अमुक छी, अमुकपासून पुढे. सगळं मिळून, 'प्रस्तुत करार उभय पक्षांच्या सहीच्या दिनांकापासून अंमलात येईल.'

मी पहिल्यांदा यातला 'त्स' 'स्वतः' असाच वाचला आणि भाषांतरात लिहून दिलं की दोन्ही पक्षांनी जातीने हजर राहून सही करावी. ग्राहकाचा फोन आला, 'मॅडम, म्हणजे चिनी मालकाला सहीसाठी चाकणला बोलवायचं का?' त्या फोननंतर मी पुढे दिलेली पद्धत सुरू केली, ती आजतागायत सोडलेली नाही.

दोनशे ते तीनशे अक्षरांचा एक मजकूर घ्या. करारातली दोन कलमं, बातमीचा तुकडा, यंत्राच्या पुस्तिकेतली सुरक्षा-सूचना, काहीही. आठवडाभर तोच. जास्त घ्यायचा मोह होईल, घेऊ नका.

पहिल्या दिवशी एकेकटं उभं असलेलं प्रत्येक अक्षर हेरा आणि शेजारी त्याचा बोलीतला पूर्ण शब्द लिहा. 'रू' म्हणजे 'रू-क्वो' (जर), 'यी' म्हणजे 'यी-चिंग' (आधीच), 'यिंग' म्हणजे 'यिंग-काय' (पाहिजे). हे सोपे, कारण शेपूट तेवढं कापलेलं असतं. वैताग देतात ते 'वेय'सारखे, ज्यांच्या जागी बोलीत वेगळाच शब्द येतो: 'वेय'ला आपण 'मेय-योउ' म्हणतो. अशी वीस-पंचवीस अक्षरं पुन्हापुन्हा भेटतात. तेवढ्यासाठी प्राचीन चिनीचा ग्रंथ उघडून बसायची गरज नाही. तो वेगळा छंद आहे, चांगला आहे, पण त्याने करार सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मैत्रिणीला फोनवर सांगतोय अशा बोलीत सांगा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. तिसऱ्या दिवशी काहीही करू नका. हा रिकामा दिवस गाळला तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होतं.

चौथ्या दिवशी स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकून, मूळ न बघता, ते पुन्हा लिखित भाषेत उतरवा. मग दोन्ही शेजारी ठेवा. माझा उतरवलेला मजकूर सुरुवातीला मुळाच्या दीडपट लांब व्हायचा. जिथे जिथे लांबी वाढली तिथे लाल पेन. पाचव्या-सहाव्या दिवशी तेच परत. सातव्या दिवशी लाल पेनाची वाक्यं अंकीत.

मध्ये मराठी किंवा इंग्रजी आणू नका. मी वर्षभर चिनीतून मराठीत आणि मराठीतून परत चिनीत असा उद्योग केला. माझी मराठी सुधारली. आणि यंत्र-भाषांतराकडे आठवडा संपेपर्यंत बघायचंच नाही. ते अर्थ देतं, पण वाक्याचे सांधे झाकून टाकतं, आणि आपल्याला शिकायचेत ते सांधेच.

सहा-सात महिन्यांनी एक दिवस 'त्स' दिसताच डोळा आपोआप पुढचा 'छी' शोधायला लागेल.

चौथी पायरी, हाताने लिहिणं. टायपिंगच्या काळात हे बहुतेक सोडून द्या, फक्त जुळी अक्षरं लिहा. 'वेय' (अजून नाही) आणि 'मो' (शेवट) यांत फरक एवढाच की वेयची वरची आडवी रेघ आखूड आणि मोची लांब. बारीक छापलेल्या कलमात एवढ्याशा रेघेने होकाराचा नकार होतो. दोन्ही दहा-दहा वेळा लिहा, हाताला कळलं की डोळ्याला कळतं.

पाचवी पायरी, आकडे. मिलियनच्या फंदात पडू नका, आपली मोजणी चिनीला जास्त जवळची आहे. एक वान म्हणजे दहा हजार, दहा वान म्हणजे एक लाख, एक यी म्हणजे दहा कोटी. घात होतो तो 'यी-षांग' (त्याच्या वर) आणि 'यी-श्या' (त्याच्या खाली) यांपाशी. 'सान-ष र यी-षांग' हे आपण 'तीस दिवसांहून अधिक' असं सहज लिहून जातो. चुकलं. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या चिनी नागरी संहितेच्या कलम १२५९ नुसार या दोन्ही शब्दांत तो आकडा धरलेला असतो. म्हणजे 'तीस किंवा त्याहून अधिक'. दंडाच्या कलमात हा एक दिवस पैशांचा असतो. याउलट 'छाव-क्वो' (ओलांडणं) मध्ये आकडा धरत नाहीत.

'वाढलं' लिहितानाही तसंच: 'त्संग-च्या ल ल्यांग पेय' म्हणजे दोन पट भर पडली, एकूण तिप्पट. 'ल'च्या जागी 'ताव' आला की दुप्पट. हे चिनी लोकसुद्धा चुकतात, तेव्हा शंका आली तर मूळ आकडे मागा.

सहावी पायरी, छंग-यू, ते चार अक्षरी वाक्प्रचार. यादी घेऊन पाठ करू नका. मराठी शिकणारा परदेशी पाहुणा दर वाक्याला म्हण फेकतो तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच त्यांना वाटतं. 'छा छ्यांग रन यी' बघा: पहिलं अक्षर 'वाईट' म्हणून ओळखीचं, त्यामुळे सगळ्याचा अर्थ 'असमाधानकारक' वाटतो. शब्दकोशात आहे 'बऱ्यापैकी समाधान देणारं'. तीनदा तीन वेगवेगळ्या मजकुरांत दिसल्याशिवाय छंग-यू वहीत घ्यायचा नाही आणि घेतला तर शेजारचं वाक्य घेऊनच.

सातवी पायरी, तपासून घेणं. चिनी ओळखीच्यांना लिहिलेलं दाखवून 'बरोबर आहे का?' विचारलंत तर उत्तर एकच, 'मेय वन-थी', काही अडचण नाही. वर तुमच्या चिनीचं कौतुक. हे सौजन्य आहे, तपासणी नव्हे. त्याऐवजी तुमचं वाक्य दाखवूच नका. प्रसंग सांगा, म्हणा, 'हे साहेबांना कळवायचंय, तू काय लिहिशील?' त्यांनी लिहिलं की मग तुमचं काढा आणि शेजारी ठेवा. लाल पेन जवळ असू द्या.