मिक्सर घ्यायला निघालात? आधी चटणीचं भांडं बघा

दुकानात मिक्सर दाखवताना विक्रेता दोन गोष्टी पुढे करतो: सगळ्यात मोठं भांडं आणि वॉटचा आकडा. मी हल्ली आधी सगळ्यात छोटं, चटणीचं भांडं मागते. ते हातात घेते, झाकण लावून बघते, पातं तळापासून किती वर आहे ते बघते. बाकीचं सगळं त्यानंतर.

आपल्या घरात मिक्सरचा खरा कस लागतो तो वाटणात. चार मिरच्या, सहा-सात लसूणपाकळ्या, मूठभर कोथिंबीर, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि जेमतेम दोन चमचे पाणी. एवढंसं वाटण गुळगुळीत झालं तर मिक्सर चांगला. मिल्कशेक काय, कुठलाही मिक्सर करतो.

परदेशी ब्लेंडर मुळात पातळ पदार्थांसाठी घडवलेले असत. मुंबईतले इंजिनिअर सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच आपल्या स्वयंपाकाला दमला आणि जळला. मग आपलं वाटण, आपल्या भिजवलेल्या डाळी झेपतील असं यंत्र त्यांनी स्वतःच तयार केलं. 1960च्या दशकातली ही गोष्ट. त्यातूनच 'सुमीत' मिक्सर आला आणि घरोघरचे पाटे-वरवंटे हळूहळू कोपऱ्यात गेले. जाड स्टीलचं भांडं, दमदार मोटर आणि कोरडं-ओलं दोन्ही दळण्याची सोय ही आपल्याकडच्या मिक्सरची ओळख आजही कायम आहे. म्हणून घरी रोजचं वाटण होत असेल तर काचेच्या भांड्याचा देखणा ब्लेंडर घेऊ नका, मिक्सर-ग्राइंडरच घ्या.

आधी आठवडाभराचा हिशेब मांडा

दुकानात जाण्याआधी एक आठवडा फ्रिजवर कागद लावून ठेवा. मिक्सरला जे जे लावलं ते लिहायचं: काय आणि किती. माझ्या कागदावर शेंगदाण्याचा कूट चार वेळा, ओली चटणी तीनदा, कांदा-खोबऱ्याचं वाटण दोनदा, इडलीचं पीठ एकदा आणि ताक एकदा असं निघालं होतं. मोठ्या भांड्याचं काम आठवड्यातून दोनच वेळा! आणि मी मात्र तोवर मोठ्या भांड्याच्या आकारावरून मिक्सर निवडत होते.

या कागदावरून वॉट ठरतात. दोघांचं घर, कूट, चटणी, आमरस एवढंच काम असेल तर 500 वॉट पुरतात. रोज वाटण आणि आठवड्याला डाळ-तांदूळ असतील तर 750 घ्या. बहुतेक मराठी घरांसाठी हाच आकडा बरोबर आहे, पैशाचं चीजही यातच होतं. 1000 वॉटचा विचार तेव्हाच करा, जेव्हा घरात सहा-आठ माणसं आहेत, दर आठवड्याला किलोभर पीठ वाटायचं आहे किंवा डबे द्यायचं काम आहे. साधारणपणे 500 वॉटचा बरा मिक्सर दोन ते तीन हजारांत, तर 750चा तीन ते सहा हजारांत येतो.

वॉट म्हणजे मोटर वीज किती ओढते त्याचा आकडा. पात्यापर्यंत जोर किती पोचतो ते त्यावरून कळत नाही. मोटरची बनावट, भांड्याचा आकार, पात्याचा बाक यावर ते ठरतं. म्हणून साध्या बनावटीच्या 1000 वॉटपेक्षा नीट बांधलेला 750 वॉटचा मिक्सर जास्त बारीक वाटताना मी पाहिलाय. विजेच्या बिलाची धास्ती मात्र घेऊ नका. 750 वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालवला तरी महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत.

मोटर: तापणं समजून घ्या

मिक्सरची मोटर छोटी पण अतिशय वेगवान असते. भांडं रिकामं असताना ती मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारते. आत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, ते फिरत्या भागाला घासत वीज पोचवतात आणि हळूहळू झिजतात. ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, मिक्सर मध्येच बंद पडून टपली मारल्यावर चालू व्हायला लागला, की बहुधा कार्बन संपत आलेले असतात. ते बदलायला फार खर्च येत नाही.

मोटर थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. आता जाडसर उडदाची डाळ भरली आणि "मोटरवर ताण नको" म्हणून एक नंबरवरच पाच मिनिटं फिरवत राहिलो, तर काय होतं? मोटर रखडते, जास्त वीज ओढते, आणि पंखाही हळू फिरत असल्यामुळे थंडावा मिळत नाही. माझा पहिला मिक्सर मी असाच जाळला. गणपतीच्या आदल्या दिवशी, भांडं गळ्यापर्यंत भरून, हळू वेगावर, पाणी कमी घालून. आधी गरम वास आला, मग धूर. सुरुवात एक नंबरवर करा, डाळ फुटली की दोन-तीनवर न्या, आणि भांडं अर्ध्याच्या थोडंच वर भरा.

मिक्सरच्या बुडाशी तपशिलाची पाटी असते. ती दुकानातच वाचा. अनेकांवर '30 मिनिटं रेटिंग' (म्हणजे एका वेळी एकूण चालवायची मर्यादा) आणि त्यासोबत पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असा क्रम छापलेला असतो. तो क्रम पाळायचा. तिथेच एक लाल बटण असतं. फार ताण आला की ते बाहेर उडी मारतं आणि मिक्सर थांबतो. मग भांड्यातलं निम्मं काढायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि बटण दाबायचं. हे बटण नसलेला मिक्सर घेऊ नका.

आयएसआयची खूण आणि त्यावर 'आयएस 4250' हा क्रमांक बघा. घरगुती मिक्सरसाठीचं भारतीय मानक ते. खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये घातला की खरा-खोटा तपासता येतो. शिवाय मोटरमध्ये तांब्याचं वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, आहे का, ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

भांडी: इथे घाई करू नका

तीन भांडी पुरेत. दीड लिटरचं पातळ कामाला, लिटरभराचं वाटणाला आणि साधारण 400 मिलीचं चटणीला. ज्यूसरचं भांडं, कणीक मळायचं भांडं, काकडी किसायच्या चकत्या असं सगळं एकत्र देणाऱ्या संचात पैसे जातात आणि माळा भरतो. त्यापेक्षा तेच पैसे जाड भांड्यांत घाला.

चटणीच्या भांड्याकडे पुन्हा येते. पातं तळाच्या जवळ हवं, नाहीतर थोडी चटणी खालीच बसून राहते आणि पातं वरच्यावर नुसतं फिरतं. भांड्याच्या भिंती सरळ उभ्या असतील तर वाटण कडेला चिकटतं. तळाकडे किंचित गोलावा असेल तर ते परत पात्यावर घसरतं. झाकण घुमटासारखं असेल तर उडालेलं खाली येतं. बोटं आत घालून बघा, पात्याखालचा भाग धुता येतो का. लसणीचा वास तिथेच बसतो.

स्टील 304 दर्जाचं असल्याचं लिहिलेलं हवं. चुंबक लावून बघण्यात फारसा अर्थ नाही, कारण हलक्या दर्जाच्या काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा भांडं हातात तोला, काठ दाबून बघा. मूठ स्क्रूने बसवलेली असेल तर ढिली झाल्यावर घरीच आवळता येते.

भांडं उलटं करा. खाली मध्यभागी दातेरी चाक दिसेल, मोटरवरच्या कपलरमध्ये ते बसतं. आत पात्याच्या दांड्याभोवती एक छोटी नळी असते, तिला बुश म्हणतात. बुश झिजला की वाटणाचं पाणी खाली झिरपतं. भांडं ओट्यावर ठेवून उचललं आणि खाली काळपट, तेलकट गोल उमटला, तर बुश गेला असं समजायचं. तोच काळेपणा चटणीतही जाऊ शकतो, म्हणून त्या भांड्यात वाटणं लगेच थांबवा. आणखी एक: चटचट आवाज येतोय, मोटर फिरतेय पण पातं नीट फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपलरचे दाते झिजलेले असतात. तो स्वस्तातला भाग आहे.

दुकानात चालवून बघा

विक्रेत्याला सांगून मोठ्या भांड्यात निम्मं पाणी भरून घ्या. आधी एक नंबर, मग तीन. आवाज तर होणारच, तो कसा आहे ते ऐका. एकसारखी घरघर ठीक, मध्येच खडखड आली तर दुसरा डबा उघडायला लावा. वरच्या वेगावर मिक्सर जागचा सरकतोय का बघा, खालचे रबरी पाय ओट्याला चिकटून राहायला हवेत. झाकणाच्या कडेने पाणी उडालं तर वॉशर नीट नाही. शेवटी प्रत्येक भांडं तीनदा बसवून काढा. घरी हे काम ओल्या हाताने, घाईत करायचं असतं. दुकानात झटापट करावी लागली तर घरीही लागणारच.

ऑनलाइन घ्यायचा असला तरी ही पाहणी एकदा जवळच्या दुकानात करावी असं मला वाटतं. दुकानदारानेही चार पैसे कमी केले तर मी तिथेच घेते.

सर्व्हिस सेंटर आणि वॉरंटी

मिक्सरवर दोन वर्षं, मोटरवर पाच वर्षं असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ती पाच वर्षं फक्त मोटरची. भांडी, कपलर, वॉशर त्यात बहुधा येत नाहीत, आणि आधी बिघडतात ते हेच भाग.

एकदा मी सवलतीला भुलून अनोळखी कंपनीचा 1000 वॉटचा मिक्सर घरबसल्या मागवला. आठ महिन्यांत चटणीच्या भांड्याचा बुश गेला. वॉरंटीकार्डावरचा फोन कुणी उचलेना, गावात सर्व्हिस सेंटर नाही, आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या दादांनी भांडं हातात घेऊन सांगितलं, "ताई, याच्या मापाचा बुश बाजारात मिळत नाही." मोटर ठणठणीत होती, तरीही मिक्सर भंगारात गेला. म्हणून आता खरेदीआधी मी त्याच दादांना विचारते की कुठल्या मिक्सरचे भाग लगेच मिळतात. त्यांच्या टेबलावर रोज उघडे मिक्सर असतात, त्यांच्याइतकी खरी माहिती जाहिरातीत मिळत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत घरातली वीज 120 व्होल्टची, आपली 230ची. इथून नेलेला साधा मिक्सर तिथे नुसता कण्हतो, तर तिथला इथे आणून लावला तर जळतो. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण 750 वॉटसाठी तो बराच जड होतो. त्यापेक्षा भारतीय कंपन्यांचे तिथल्या विजेवर चालणारे, '110 व्होल्ट' म्हणून विकले जाणारे मिक्सर घ्या. तिथले ताकदवान ब्लेंडर भोपळ्याचं सूप, बर्फ, सुकामेवा उत्तम करतात. पण त्यांच्या दोन लिटरच्या रुंद भांड्यात चार जणांची चटणी पात्याखाली हरवते. तोच ब्लेंडर घेणार असाल तर सोबत छोटं भांडं मिळतं का ते आधी पाहा. ब्रिटनमध्ये व्होल्टेजचा प्रश्न नाही, फक्त प्लग वेगळा.

घरी आणल्यावर

पहिल्या एक-दोन वेळा मोटरमधून हलका वास येतो. तो वाइंडिंगवरच्या व्हार्निशचा असतो आणि आपोआप जातो. धूर आला तर मात्र लगेच परत करा. मिक्सर फडक्यावर ठेवू नका, बुडाच्या फटीतून त्याला हवा लागते.

उकळती ग्रेव्ही झाकण लावून फिरवू नका. वाफ झाकण उडवते आणि अंगावर भाजतं. टोमॅटो-कांदा पूर्ण गार होऊ द्या. डाळ-तांदूळ वाटताना फ्रिजमधलं पाणी घाला आणि पीठ हाताला कोमट लागलं की थांबा. हळकुंडं आणि सुंठ घरच्या मिक्सरला लावू नका, त्यांची जागा कांडपावर. आमरसाला दोन-चार झटके पुरेत, जास्त फिरवला तर हवा भरून रस फेसाळतो आणि रंग फिका पडतो.

आणि कूट. बटण पुढे न नेता उलट्या बाजूला, झटक्याच्या खुणेकडे वळवून लगेच सोडा. भाजलेले दाणे पूर्ण गार हवेत आणि भांडं निम्मंच भरलेलं. दोन सेकंद, मग थांबा. भांडं काढून एकदा हलवा, कडेचे दाणे मध्ये येऊ द्या. पुन्हा दोन सेकंद. असे पाच-सहा झटके दिले की उपासाच्या खिचडीला हवा तसा मोकळा, भरड कूट मिळतो. सलग अर्धा मिनिट फिरवलंत तर दाण्यांना तेल सुटतं, कूट कडेला चिकटून गोळा होतो, आणि मग त्याची खिचडी मोकळी होत नाही.