पोळी फुटते ती पाण्यापायी

पोळी फुटली की सगळे लाटण्याला नावं ठेवतात. हात जड आहे, सवय नाही, पोळपाट ओबडधोबड आहे. माझं म्हणणं असं की पुरणाची असो, गुळाची असो की बटाट्याची, भरलेली पोळी बहुतेक वेळा फुटते ती सारणातल्या पाण्यापायी. लाटणं हातात घ्यायच्या आधीच तिचं काय व्हायचं ते ठरलेलं असतं. म्हणून इथं लाटण्यावर कमी आणि निथळण्या-आटवण्यावर जास्त लिहिणार आहे.

माझं माहेर वाईचं, सासर सांगलीचं, आणि सासूबाई मूळच्या कर्नाटकातल्या अथणीकडच्या. माहेरी पोळी तांदळाच्या पिठीवर लाटतात, सासूबाई तेलावर थापायच्या. होळीला आणि बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, तेव्हा लोक दोन्ही तऱ्हा मागतात. सुरुवात पुरणपोळीनं करू. ती जमली की बाकीच्या अवघड वाटत नाहीत.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी पाव किलो हरभऱ्याची डाळ घ्यावी. तिला २२५ ते २५० ग्रॅम गूळ आणि तेवढंच सपीट. यात मध्यम आकाराच्या दहा-बारा पोळ्या होतात. सपीट म्हणजे बारीक चाळणीनं किंवा पातळ फडक्यातून गाळून कोंडा काढलेलं गव्हाचं पीठ. गिरणीत सांगितलं तर बारीक दळून देतात, गाळायचं मात्र आपणच. कोंड्याचे कण पारीला, म्हणजे पुरणाभोवतीच्या कणकेच्या आवरणाला, आतून टोचतात आणि पोळी पातळ लाटायला गेलं की नेमकं तिथंच भोक पडतं. गाळायचा कंटाळा असेल तर दोन वाट्या कणकेत अर्धी वाटी मैदा घाला. नुसत्या मैद्याच्या पोळ्या गरम असताना लुसलुशीत लागतात, संध्याकाळपर्यंत चिवट होतात. हल्ली खपलीच्या पोळीची विचारणा फार होते. कृष्णाकाठी खपली गहू पिकतो, त्याची खीर तर फारच छान होते. पण त्याच्या पिठाला ताण कमी, पारी ताणली की फाटते. खपलीच हवी असेल तर निम्मं सपीट मिसळा आणि पोळी जरा जाडच ठेवा.

गूळ घेताना खडा तोंडात टाकूनच घ्या. सांगलीचा गुळाचा बाजार जुना आहे, मार्केट यार्डात ढेपांच्या थप्प्याच लागलेल्या असतात, तिथं चव बघायला कुणी नाही म्हणत नाही. चव बघायचं कारण असं की मिरज, पलूस, वाळवा या भागांतली नदीकाठची बरीच रानं क्षारपड झाली आहेत आणि तसल्या रानातल्या उसाचा गूळ खारट उतरतो. चहात ते कळत नाही. पुरणात मात्र कितीही वेलदोडा घातला तरी लपत नाही. पांढुरक्या पिवळ्या गुळाच्याही मागं लागू नका. रंग उजळायला हायड्रॉस पावडर घालतात, त्यापेक्षा तपकिरी बरा. त्याच्या पुरणाचा रंग गडद येतो, येऊ दे.

डाळ धुऊन तास-दोन तास भिजवा. मग कुकरमध्ये डाळीच्या तिप्पट पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर हळद. तेलानं फेस वर येत नाही. मंद आचेवर चार-पाच शिट्ट्या पुरतात, पण शिट्ट्यांवर विसंबू नका, दाणा दाबून बघा. मधे कणी लागता कामा नये आणि तरी दाणा अख्खा दिसायला हवा. कणी राहिली असेल तर पुन्हा शिजवा, कारण एकदा गूळ पडला की डाळ पुढं मऊ होत नाही, मग तासभर घोटत बसलात तरी. उलट डाळ पार विरघळली तर पाणी तिच्यातच मुरतं आणि ते काढायचा मार्ग उरत नाही.

आता निथळणं. डाळ चाळणीत ओता, खाली पातेलं ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं तिच्याकडं बघूही नका. गडबडीत लोक इथंच पाच मिनिटांत उरकतात. मधे एकदा चाळण हलवा, पण डाळ चेपू नका. खाली जमते ती येळवणी. ती आमटीची, बाजूला ठेवा.

निथळलेल्या डाळीत चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. गूळ विरघळला की सगळं एकदम पातळ होतं आणि नवी माणसं घाबरतात. ते तसंच होतं. सतत हलवत राहा, लाकडी कालथा लांब दांड्याचा घ्या कारण पुरण उडतं आणि चटका जबर बसतो. दहा-पंधरा मिनिटांत ते कडा सोडायला लागतं. मधोमध कालथा उभा करा. तो न पडता उभा राहिला की गॅस बंद. आषाढात बेंदराच्या वेळी हवेला ओल असते, गूळही पाघळलेला असतो, तेव्हा यालाच पाच-सात मिनिटं जास्त लागतात. म्हणून घड्याळाकडं बघण्यापेक्षा कालथ्याकडं बघा.

वेलदोडा, जायफळ आणि थोडी सुंठ शेवटी घाला. सुंठ चवीला असतेच, शिवाय हरभऱ्याची डाळ ज्यांना बाधते त्यांच्यासाठी ती घालायची रीत आहे. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की ते दगड होतं आणि यंत्राचा दांडा फिरत नाही. मिक्सरमध्ये वाटलं तर चालतं, पण थांबत-थांबत फिरवा. पाणी किंवा दूध घालून वाटायचा मोह आवरा. एवढं आटवलेलं सगळं तिथं एका चमच्यात वाया जातं.

तरीही पुरण सैल राहिलं तर त्यात कच्चं पीठ कोंबू नका. परत पातेल्यात घालून आटवा, नाहीतर ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. फारच घट्ट झालं तर येळवणीचा हबका मारून मळून घ्या.

कणीक पुरणाच्या मापानं भिजवायची असते. आधी पुरण, मग कणीक, हा क्रम मी कधी मोडत नाही. सपिटात चिमूटभर मीठ, हळद आणि चमचाभर तेल घालून सैल भिजवा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांत राजापुरी हळद कणकेत पडत आली आहे. रंगाला तिच्यासारखी दुसरी नाही. भिजवलेली कणीक थोडं-थोडं तेल लावत दहा मिनिटं तिंबा. ओढली तर लांबली पाहिजे, तुटता कामा नये. हाताला कानाच्या पाळीइतकी मऊ लागली की झाकून निदान दोन तास ठेवा. पाव किलो सपिटाला सगळं मिळून तीन-चार टेबलस्पून तेल सहज लागतं, तिथं काटकसर नको. दोन तासांनी एका हातात पुरणाची गोळी आणि दुसऱ्या हातात कणकेची गोळी घेऊन दोन्ही एकदम दाबा. दोन्ही सारख्याच दबल्या की भरायला लागा. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण मधेच बसून राहतं, कडेला नुसती कणीक येते. पुरण सैल आणि कणीक घट्ट असेल तर ते वाट काढून बाहेर येतं.

कणकेचा गोळा लिंबाएवढा, पुरणाचा त्याच्या दीडपट. बोटांनी पारी करा, कडा पातळ आणि मध्य जाड ठेवा. पुरण ठेवून कडा हळूहळू वर ओढत तोंड बंद करा. वर जमलेली जास्तीची कणीक चिमटून काढून टाका, नाहीतर तिथं जाड गाठ राहते. तयार उंडा तळहातानं दाबून चपटा करा आणि पाच मिनिटं विसावू द्या. मी चार-पाच उंडे एकदम करून ठेवते, म्हणजे पहिला लाटेपर्यंत बाकीचे आपोआप विसावतात.

लाटायच्या तऱ्हा दोन. वाईकडची अशी: पोळपाटावर तांदळाची पिठी भुरभुरायची, उंड्याचं तोंड खाली ठेवायचं आणि मधे जोर न देता कडेकडेनं लाटत जायचं. पोळी फिरवायची, शक्यतो उलटायची नाही. गव्हाचं पीठ वापरू नका, ते ओल धरतं आणि तव्यावर करपतं. तांदळाची पिठी कोरडी राहते, पोळी तिच्यावर सरकते. अथणीकडची तऱ्हा तेलाची: केळीच्या पानाला किंवा जाड प्लॅस्टिकच्या कागदाला तेल लावायचं, त्यावर उंडा ठेवून बोटांनी थापायचा, शेवटी वाटलं तर एकदा लाटणं फिरवायचं. मग पानासकट तव्यावर उलटी घालायची आणि पान सोडवून घ्यायचं. तिला कणीक आणखी सैल लागते. थापलेली पोळी जास्त मऊ होते आणि टिकतेही जास्त, लाटलेली खमंग लागते. मला विचाराल तर तुपाबरोबर खायला लाटलेली, दुधाबरोबर खायला थापलेली.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा, आच मध्यमच्या जरा वर. पोळी लाटण्यावर गुंडाळून उचला. खालची बाजू पुरती सुटेपर्यंत हात लावू नका. कच्ची असताना उलथनं घातलं की हमखास फाटते. एकदाच उलटा, टम्म फुगेल, मग कडेनं तूप सोडा. वरून दाबायची गरज नाही. थोडं पुरण बाहेर आलंच तर पुढची पोळी टाकण्याआधी तवा ओल्या फडक्यानं पुसून घ्या. जळालेला गूळ पुढच्या प्रत्येक पोळीला चिकटत जातो.

गूळपोळीचा हिशेब वेगळा आहे. तिच्या सारणात पाणी आत कोंडलेलं असतं आणि तापलं की सुटतं. म्हणून तिथं पाणी शोषणारं काहीतरी मिसळावं लागतं. पाव किलो मऊ, किसलेल्या गुळाला अर्धी वाटी भाजलेल्या तिळाचा कूट, दोन चमचे खसखस भाजून आणि तीन-चार चमचे डाळीचं पीठ तेलावर खमंग भाजून. डाळीचं पीठ काही लोक चवीला म्हणून घालतात, पण त्याचं खरं काम पाझरलेला गूळ धरून ठेवायचं. गूळ कडक असेल तर किसण्याआधी तासभर उन्हात ठेवा. सारणात एक खडा राहिला तरी पोळी तिथं फुटते. कणीक घट्ट, गरम तेलाचं मोहन घातलेली. दोन लहान पाऱ्या लाटून मधे गुळाची चपटी चकती ठेवा, कडा दाबा आणि पिठीवर लाटा. गूळ कडेपर्यंत जायला हवा, पुढं उरलेली कणीक कातण्यानं कापून टाका. आच पुरणपोळीपेक्षा मंद. तव्यावरून काढल्यावर एकेक सुटी पसरून ठेवा, गरम असताना एकावर एक रचू नका. गार झाली की खुसखुशीत होते आणि कोरड्या डब्यात आठवडाभर सहज राहते. भरपूर तूप लावून खायची, आणि खायची ती गारच.

बटाट्याच्या पराठ्याला एवढे सोपस्कार नाहीत. मिरजेला शिकायला आलेली पोरंपोरी खोलीवर करून खातात, त्यांना मी तीनच गोष्टी सांगते. बटाटे सालासकट अख्खे उकडा, चिरून उकडले की पाणी पितात. उकडल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि मग किसा, कुस्करलं की गुठळ्या राहतात. आणि मीठ भरायच्या आधी अगदी शेवटी घाला, कारण मीठ पडलं की कोथिंबीर-मिरचीलाही पाणी सुटतं. कांदा घालायचा तर चिरलेला कच्चा नको, परतून गार केलेला चालेल. मुळ्याचं उलटं करा. किसून आधीच मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा आणि पिळलेल्या पाण्यात कणीक भिजवा. त्या पाण्यात मीठ असतं, तेव्हा कणकेत वेगळं घालू नका. पराठ्याला आच पुरणपोळीहून मोठी लागते. दोन्ही बाजू आधी कोरड्या भाजा, डाग पडले की मगच तेल सोडा. आधीच तेल सोडलं तर तो तळल्यागत होतो, भाजल्याची चव येत नाही.

बाजूला ठेवलेली येळवणी विसरू नका. तीत दोन डाव शिजलेली डाळ घोटा, चिंचेचा कोळ, थोडा गूळ, कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण घाला, वरून कढीपत्त्याची फोडणी. आमटी पातळच ठेवायची आणि चांगली उकळायची. डाळ निथळायला ठेवतानाच आमटीसाठी मूठभर काढून ठेवली की नंतर पुरणाला हात लावावा लागत नाही. उरलेलं पुरण फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं, पण बाहेर काढल्यावर त्याला घाम सुटतो. तेव्हा भरायच्या आधी पातेल्यात घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता, गार होऊ द्या, आणि मगच उंडे करा.